दोन पत्रे

गेल्या पावसाळ्यातील एक गोष्ट वाचकांस सांगावयाची आहे. ती सांगण्यात आम्हांस काही भूषण आहे असे नाही. धर्मगुरू म्हणून पंधरा-सोळा वर्षे आजाऱ्यांच्या उशाशी बसूनही जी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती, ती अंथरुणास खिळलेल्या एका वृद्धेने आम्हांस चार शब्दांत शिकविली. त्या शिकवणुकीची ही पोचपावती समजावी. आजारी किंवा थकलेले माणूस नाही असे घर आपल्या गावात विरळाच. आमच्या हातून जी चूक झाली, ती कित्येक प्रेमळ घरांतून रोज होत असेल, आणि ती चूक आहे याची कोणास जाणीवही नसेल, असे वाटल्यावरून हे लिहिण्याचे धाडस केले आहे.

आमचा धर्मग्राम खानापूर तालुक्यात रानाच्या कडेला पसरलेला आहे. कोणाच्या घरात कोकणी, कोणाच्या घरात मराठी, आणि कचेरीत गेले की कन्नड, असा आमच्या माणसांचा तीन भाषांचा व्यवहार. वाड्या दूर दूर. मृगाचा पाऊस लागला की मधले ओढे भरतात आणि पलीकडच्या वाडीला जाण्यास तासभर अधिक लागतो. अशा या वाड्यांतून ज्या काळी मोटार येत नव्हती, त्या काळी रात्री-अपरात्री कंदील घेऊन एक स्त्री चालत जात असे. ती गावची सुईण. आज वाड्यांतील जी माणसे चाळिशी-पन्नाशीची आहेत, त्यांतील कितीतरी जणांस या जगात पहिला हात लागला तो तिचा. सारा गाव त्यांना सुईणआजी म्हणतो. आम्हीही तेच म्हणत आलो.

गेल्या प्रायश्चित्तकाळात गोठ्याच्या पायरीवरून सुईणआजींचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शहरातील रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. परंतु वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह जुना, जखम भरण्यास फार दिवस लागले, आणि पुन्हा पायांवर उभे राहणे काही झाले नाही. मुलगा गोव्यात गाडी चालवितो; महिन्यातून दोन दिवस घरी येतो. घरी सून, शाळेत जाणारी दोन मुले, तीन जनावरे आणि भाताचे शेत. सासूला उचलणे, पुसणे, भरविणे हे सर्व त्या एकट्या बाईच्या अंगावर पडले. जून महिन्यात मुलगा आमच्याकडे आला व म्हणाला, शहरात धर्मभगिनी वृद्धांचा आश्रम चालवितात. तेथे आईला ठेवून घ्यावे म्हणून आपण एक पत्र द्यावे. मागणी रास्त होती. आम्ही त्याच बैठकीत पत्र लिहून दिले.

ते पत्र आम्हांस अजून आठवते. वय इतके; डाव्या खुब्याचे हाड मोडलेले; मधुमेहाच्या गोळ्या दिवसातून दोन वेळा; चालता येत नाही; अन्न मऊ लागते; कुटुंब गरीब पण प्रतिष्ठित. शेवटी आमच्या मते मोठ्या शिफारशीचे वाक्य होते: स्वभाव शांत आहे, कोणासही त्रास देणार नाहीत. पत्रावर धर्मग्रामाचा शिक्का मारला आणि एक सत्कृत्य घडले अशा समाधानाने आम्ही जेवावयास बसलो.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही नेहमीप्रमाणे आजाऱ्यांस पवित्र कम्युनियन घेऊन निघालो. सुईणआजींच्या घरी पोचलो तेव्हा मुलगाही आलेला होता. प्रार्थना झाली, कम्युनियन झाले, आणि मग आम्ही तिघे खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बोलू लागलो. मुलगा म्हणाला, “फादर, आश्रमातनं फोन आलता. पंधरा तारखेनंतर जागा हाय म्हणत्यात.” आम्ही म्हणालो, “मग सोळा तारखेस गाडी सांगून टाका. पाऊस उघडला म्हणजे झाले.” सुनेने विचारले, “लुगडी किती घालू? तिथं त्येंचंच झगे घालत्यात न्हवं?” आम्ही काही उत्तर देणार, इतक्यात खाटेवरून आवाज आला.

“फादर, मी हितंच हाय.”

आम्ही तिघेही गप्प झालो. सुईणआजींचे तोंड भिंतीकडे होते. मान वळविण्यास त्यांना श्रम पडत असावेत, त्या भिंतीकडेच पाहत पुढे म्हणाल्या, “अजून गेले न्हाई. मला इचारा की.”

त्यावर मुलाने काही समजुतीचे शब्द उच्चारले, आम्हीही उच्चारले. ते काय होते हे लिहिण्यासारखे नाही. थोड्याच वेळात निरोप घेऊन आम्ही बाहेर पडलो. वाटेत पाऊस लागला. छत्री काखेत होती. परंतु ती उघडावी हेही आम्हांस बराच वेळ सुचले नाही.

त्या रात्री आम्ही आमचा हिशेब मांडला. गेले चार-पाच महिने आम्ही त्या घरी न चुकता जात होतो. दर वेळी खाटेशेजारी उभे राहून आम्ही सुनेस विचारीत असू: आजी जेवतात का? झोप लागते का? गोळ्या चालू आहेत ना? ज्यांची भूक, ज्यांची झोप, ज्यांच्या गोळ्या, त्या हातभर अंतरावर पडून सारे ऐकत होत्या. त्यांच्या शरीराची चौकशी आम्ही केली होती, त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली होती. परंतु त्यांच्याशी म्हणून आमचे एकदाही बोलणे झाले नव्हते. आणि त्यांचे उरलेले आयुष्य कोठे जावयाचे, हे आम्ही एका बैठकीत, एका कागदावर, त्यांच्या पाठीमागे ठरवून मोकळे झालो होतो.

यात अधिक लज्जास्पद भाग असा की, हे दुःख आम्हांस अपरिचित नव्हते. सेमिनरीत असताना विषमज्वराने आम्ही एका रुग्णालयात तीन आठवडे पडून होतो. तेथे आमचे नाव ‘तेरा नंबर’ होते. सकाळी मोठे डॉक्टर येत, पायथ्याशी लटकविलेला कागद वाचीत, शेजारच्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत आणि पुढे जात. ज्वर उतरला, त्यांचे उपकार आहेतच. परंतु आमच्या चांगले स्मरणात राहिली ती रात्रपाळीची एक परिचारिका, जी सुई टोचण्यापूर्वी विचारीत असे, कोणत्या हाताला टोचू? एवढा एक प्रश्न विचारला की तेरा नंबरचा पुन्हा माणूस होत असे.

संत कमिल्लस यांची कथा आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. ते १५५० साली इटलीत जन्मले. तरुणपणी शिपाई होते आणि जुगारी होते. पायावरील बऱ्या न होणाऱ्या जखमेमुळे त्यांना रोमच्या एका रुग्णालयात पडावे लागले, आणि तेथे पगारी नोकर रुग्णांस कसे वागवितात हे त्यांनी खाटेवरून पाहिले. तेथूनच पुढे आजाऱ्यांची सेवा करणारा त्यांचा संघ उभा राहिला. १५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी त्यास मान्यता दिली. आपल्या सहकाऱ्यांसाठी त्यांनी जे नियम लिहिले, त्यांत सेवकाने रुग्णाविषयी आईची माया मागून घ्यावी असे सांगितले आहे. १६१४ सालच्या १४ जुलै रोजी ते प्रभूघरी गेले. त्यांनी रुग्णालय खाटेवर पडून पाहिले होते, म्हणून त्यांना ते दिसले. आम्हीही एकदा पडून पाहिले होते. उभे राहताच विसरलो, एवढाच फरक.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल या सुप्रसिद्ध परिचारिकेने १८५९ साली शुश्रूषेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. ते घरी आजाऱ्याची देखभाल करणाऱ्या सामान्य बायाबापड्यांसाठीही होते. त्यातील पुष्कळ सूचना आजही आपल्या घरास लागू पडतात. रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर उभे राहून त्याच्याविषयी कुजबुजत बोलू नये. त्याच्याशी बोलताना अशा जागी बसावे की आपले तोंड पाहण्यास त्याला मान वळवावी लागू नये. त्याच्या खाटेस टेकू नये, ती हलवू नये. आणि शक्य तर त्याला खिडकीतून बाहेरचे दिसेल अशी खाट ठेवावी. क्रिमियाच्या युद्धकाळात त्या स्वतः तापाने आजारी पडल्या होत्या. बाहेरचे काही न दिसण्याचा त्रास किती तीव्र असतो हे त्यांनी त्या अनुभवावरूनही लिहिले आहे.

अलीकडच्या काळात इंग्लंडातील टॉम किटवूड या अभ्यासकाने हाच विचार पुढे नेला. हे गृहस्थ एके काळी अँग्लिकन पंथात दीक्षा घेतलेले पाळक होते. पुढे ब्रॅडफर्ड येथील विद्यापीठात त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सेवेचा अभ्यास केला. १९९७ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि पुढील वर्षी ते वारले. चांगली, कनवाळू माणसेही नकळत वृद्धांस कसे लहान करीत जातात, याची त्यांनी यादीच दिली आहे. मोठ्या माणसाशी तान्ह्या मुलाशी बोलावे तसे बोलणे. त्याच्या गतीने न चालता त्याला घाई करणे. रोगाच्या नावाने त्याला ओळखणे. आणि तो समोर असताना तो तेथे नाहीच असे समजून त्याच्याविषयी बोलणे. ही यादी आम्ही पूर्वी एका शिक्षणवर्गात उतरवून घेतली होती. त्या रात्री ती वही काढून पाहिली, तेव्हा आमचाच दोष आमच्याच अक्षरात लिहिलेला आढळला!

कोणी म्हणेल, हे सौजन्याचे बारकावे आहेत. गरिबाच्या घरी त्यांना कोठे वेळ? परंतु ही गोष्ट निव्वळ सौजन्याची नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका स्त्रीचा खटला आला होता. तपासणीसाठी तिला भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली आणि गर्भाशय काढून टाकले. २००८ साली न्यायालयाने निर्णय दिला की, सज्ञान स्त्री शुद्धीवर येऊन स्वतः सांगू शकत असता, आणि जिवास तातडीचा धोका नसता, आईची संमती ही तिची संमती होत नाही. आई झाली तरी नाही! मग मुलाची कोठून होणार, आणि धर्मगुरूची तर कोठून?

आणि या सर्वांच्या आधी, यरीहोच्या वाटेवर, एका आंधळ्या भिकाऱ्याने प्रभूस हाक मारली होती. लोकांनी त्यास गप्प राहण्यास सांगितले. प्रभूने त्यास जवळ बोलाविले, आणि काय केले? डोळ्यांस हात लावला नाही. प्रथम त्यास त्याची इच्छा विचारली. आंधळ्यास काय हवे असणार हे दहा वर्षांच्या पोरालाही कळले असते. जो सर्वज्ञ, त्याला ते ठाऊक नव्हते काय? तरीही त्याने विचारले आणि उत्तराची वाट पाहिली. या वचनावर आम्ही कितीदा तरी प्रवचन केले असेल. श्रद्धेवर बोललो, दृष्टीवर बोललो. त्या प्रश्नावर मात्र कधी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी स्टूल मागून घेतले आणि भिंत व खाट यांच्या मधल्या सांदीत, त्यांच्या तोंडासमोर बसलो. गुडघे भिंतीला लागत होते. आम्ही म्हणालो, “आजी, काल चुकलो. आज विचारावयास आलो आहे.”

त्या बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आधी ही खाट फिरवा.”

खाट भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, कारण त्या बाजूने सुनेला उचलणे सोयीचे होते. उलट बाजूस खिडकी होती, आणि खिडकीतून वाडीची पायवाट दिसत होती. “त्या वाटेनं बाया मला बोलवाय येत हुत्या,” त्या म्हणाल्या. “आता कोण येतंय, कोण जातंय, कुणाची सून भारी पावलानं चालतीय, एवढं तरी दिसू दे.” मुलाने आणि आम्ही मिळून खाट फिरविली. दोन मिनिटांचे काम. पाच महिने ते झाले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

मग त्या बोलू लागल्या. आंघोळीचा विषय त्यांनी आपण होऊन काढला. रुग्णालयात दोघी-तिघी येत आणि अंगावरचे वस्त्र सर्रकन ओढून घेत. घरीही घाईत दार उघडेच राही. “फादर, आडलेल्या बाईच्या पोटाला हात लावायच्या आधीबी मी इचारत हुते, बाई, लावू का? दाराला लुगडं टांगत हुते. घरचा बापय असला तरी भाईर काढत हुते. आणि आता माझ्यावर ही पाळी.” हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची लाज राखली, तिने आपली लाज राखण्याची मागणी केली. मागणी करतानाही तिला संकोच वाटत होता. सून दाराशी उभी राहून ऐकत होती. ती पदराने डोळे पुसू लागली.

येथे सुनेविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर अन्याय होईल. पहाटे चारला उठून रात्री दहाला पाठ टेकणारी ती बाई निष्ठुर नव्हती; ती थकली होती. थकलेला माणूस प्रश्न विचारीत नाही, काम उरकतो. आम्ही तिच्याकडे वळून विचारले, “बाई, तुम्हाला काय हवे?” हा प्रश्नही त्या घरात कोणी विचारला नसावा. तिला उत्तर लवकर सुचेना. शेवटी म्हणाली, “आईतवारी पोरांस्नी घेऊन मिस्साला यावं म्हणते. पाच म्हयनं झाले, देऊळ बघितलं न्हाई.” आमच्या देवळापासून तिचे घर पाऊण मैलावर आहे. पाच महिने तिची जागा रिकामी होती, आणि आम्ही घरी येऊन तिच्याशी फक्त गोळ्यांविषयी बोलत होतो. त्याच आठवड्यात वाडीतील चार बायांनी रविवारची पाळी वाटून घेतली. त्यांतील दोघी सुईणआजींच्याच हातच्या.

आता मुख्य प्रश्न राहिला होता. आम्ही तो सरळ विचारला. जागा मिळाली आहे. जावे अशी मुलाची इच्छा आहे. आपली काय इच्छा? आम्हांस वाटले होते की, त्या नाही म्हणतील. कथाकीर्तनातून अशा प्रसंगी वृद्ध माणसे घरच मागतात आणि मुलांस पश्चात्ताप होतो. सुईणआजींनी सुनेच्या पाठीकडे पाहिले. उचलून उचलून ती बाई एका अंगाने वाकून चालत होती. मग त्या म्हणाल्या, “जाईन. हिची पाठ मोडल्यावर ह्या पोरांनी कुणाकडं बघावं? पण मुडद्यागत उचलून न्हेऊ नका. पायानं जायचं ऱ्हायलं. माझ्या तोंडानं तरी जाऊ द्या.”

त्यांनी आपल्या अटी सांगितल्या. मृतांच्या दिवसानंतर, म्हणजे २ नोव्हेंबर झाल्यावर जाईन. त्या दिवशी धन्याच्या थडग्यावर मेणबत्ती माझ्या देखत लागली पाहिजे. माझी वाकळ माझ्याबरोबर येईल. खाट खिडकीशी हवी. आणि शेवटची अट ऐकून आम्ही चकित झालो: “तिथं मला नावानं हाक मारू दे. सुईण म्हणायला तिथं मी कुणाचं बाळतपण केलंय? दवाखान्यात मी बारा नंबर हुते. माझी थोरली भन नावानं हाक मारायची. ती गेल्यापासनं माझं नाव कुणालाच ठावं न्हाई.”

ते नाव आम्हांसही ठाऊक नव्हते. आम्ही त्यांनाच विचारले, आणि घरी आल्यावर बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीतही पाहिले. पिवळ्या पडलेल्या पानावर, आमच्या एका पूर्वीच्या धर्मगुरूच्या सुबक अक्षरात ते लिहिलेले होते. येथे आम्ही ते छापीत नाही. इतक्या वर्षांनी ते मालकिणीस परत मिळाले आहे, तिने हवे त्यास द्यावे.

मग आम्ही आश्रमास दुसरे पत्र लिहिले. ते लिहिण्यास बैठक नव्हे, तीन आठवडे लागले, कारण प्रत्येक ओळ विचारून लिहावी लागली. आमच्या वाडीतील एक मुलगी इंग्लंडात वृद्धांच्या निवासात सेविका आहे. तिच्याशी फोनवर बोलताना कळले की, तिकडे हे काम सेवकास रीतसर शिकवितात. २०१५ पासून तेथे नव्या सेवकांसाठी जे प्राथमिक शिक्षण ठरविले आहे, त्यात माणसास केंद्रस्थानी ठेवून काम करणे हा एक स्वतंत्र धडा आहे, आणि खाजगीपणा व प्रतिष्ठा यांचा दुसरा. अल्झायमर सोसायटी या तिकडील संस्थेने एक पत्रकही काढले आहे. त्यात रुग्णाची ओळख, सवयी, आवडी, भीती हे सर्व घरच्यांनी त्याच्यासह लिहून रुग्णालयात द्यावयाचे असते. मात्र ती मुलगी प्रामाणिक आहे. ती म्हणाली, “फादर, ज्या दिवशी कामाला माणसे कमी पडतात, त्या दिवशी तिकडेही घड्याळाकडे बघूनच म्हाताऱ्यांचे आवरतात.” नियम चांगला असतो, तो जगविण्यास मात्र उसंत असलेले माणूस लागते.

आमच्या दुसऱ्या पत्रात रोगांची माहिती होतीच. ती सोडून चालत नाही. परंतु ती शेवटी होती. आरंभी त्यांचे नाव होते आणि त्यांनी काय काम केले ते होते. पुढे लिहिले होते: पहाटे चार वाजता जाग येते, तेव्हा चहा लागतो. चहात साखर चालत नाही हे त्यांना ठाऊक आहे. पुन्हा पुन्हा सांगू नये. अंग पुसताना आधी दार लावावे आणि वस्त्र सारण्यापूर्वी विचारावे. कन्नड बाजारापुरते कळते. गंभीर काही सांगावयाचे असल्यास मराठी जाणणारी भगिनी असावी. ‘कळ’ म्हणाल्या तर दुखते आहे असे समजावे. ‘काय न्हाई’ म्हणाल्या तर फार दुखते आहे असे समजावे. हात उत्तम चालतात. लसूण सोलणे, भाजी निवडणे असे काम मागतील, ते द्यावे. रोझरी एकट्याने म्हणण्यापेक्षा कोणाबरोबर म्हणणे आवडते. पत्र पुरे झाल्यावर आम्ही ते त्यांना वाचून दाखविले. पहिल्या पत्रातील स्वभाव शांत असल्याचे वाक्य आम्ही गाळले होते. त्यांनी विचारले, “सभावाचं काय लिवलंय?” आम्ही म्हणालो, काही नाही. “लिवा,” त्या म्हणाल्या, “बोलून दाखवती म्हणून.” ते वाक्य आम्ही शेवटी घातले आणि मग शिक्का मारला.

आश्रमाच्या भगिनींनी पुढील जागेपर्यंत थांबण्याचे मान्य केले. २ नोव्हेंबरला खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना दफनभूमीत नेले. मेणबत्ती त्यांनी स्वतः लावली. चार दिवसांनी गाडी आली. वाडीतील बाया पायवाटेवर उभ्या होत्या. कोणी रडले नाही असे म्हणणे खोटे होईल. त्या स्वतःही रडल्या. विचारल्याने दुःख टळते असे आमचे म्हणणे नाही. घर सुटण्याचे दुःख होतेच. परंतु ते त्यांनी स्वतः पत्करलेले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर टाकून दिलेल्या माणसाची कळा नव्हती.

नाताळच्या आदल्या आठवड्यात आम्ही त्यांना भेटावयास गेलो. खाट खिडकीशी होती, वाकळ पायांवर होती, आणि पुढ्यात लसणाची परडी होती. थोडे बोललो. इतक्यात एक तरुण परिचारिका औषधाचे ताट घेऊन आली. आम्ही सवयीने उभे राहिलो आणि तिला विचारले, “सिस्टर, यांची साखर आता कशी आहे?”

ती मुलगी हसून म्हणाली, “फादर, त्यांनाच विचारा ना. आकडा त्यांना पाठ आहे.”

लसूण सोलता सोलता सुईणआजींनी आमच्याकडे पाहिले. काही बोलल्या नाहीत. तेवढी कृपा केली.

सवय जुनी असते आणि ती एका कबुलीने जात नाही, हे आम्ही जाणून आहोत. म्हणूनच वाचकांस मोठा उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही. एक विनंती मात्र करतो. आज संध्याकाळी रोझरी झाल्यावर, आपल्या घरात जे थकलेले माणूस असेल, त्याच्या समोर बसावे. उशाशी नव्हे, पायथ्याशी नव्हे, समोर. आणि त्यास काय हवे ते विचारून उत्तराची वाट पाहावी. कदाचित त्याला केवळ खाट फिरवून हवी असेल. आणि मग, हे सारे ज्याच्या अंगावर पडले आहे, त्या माणसाकडे वळून त्यालाही तेच विचारावे.